दिनविशेष १२ जुलै : पन्हाळ्याची रात्र, पानशेतची सकाळ आणि नाबार्डचा वाढदिवस

आज १२ जुलै. सकाळी मोबाईल उघडला की गावोगावच्या ग्रुपवर दिनविशेषाची यादी येऊन पडलेली असते. पावनखिंड, पानशेत धरणफुटी, नाबार्डची स्थापना आणि खाली आठ-दहा जन्म-मृत्यू. एका घटनेला एक ओळ, शेवटी हात जोडलेलं चित्र, संपलं. दरवर्षी तीच यादी फिरते आणि तिच्यातल्या चुकाही त्याच फिरतात. यंदा म्हटलं, आपल्या जिल्ह्याशी संबंध असलेल्या नोंदी तरी जरा उलगडून लिहाव्यात. कारण या तारखेच्या तिन्ही मोठ्या नोंदी आपल्याच तालुक्यांतून जातात. बाजीप्रभू भोर तालुक्यातले. पानशेत वेल्ह्यातलं, ज्या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. आणि नाबार्ड तर सोसायटीच्या दारातून प्रत्येकाच्या सातबाऱ्याच्या बोजापर्यंत पोचलेली.

लिहायला बसल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. पन्हाळा असो की पानशेत, दोन्हीकडं पुढची माणसं वाचली ती मागं कुणीतरी संकट काही तास अडवून धरलं म्हणून. त्या अडवणाऱ्यांना मात्र यादीत जागा नसते. म्हणून आज त्यांच्याबद्दल जास्त लिहितो, बाकीच्या नोंदी भरभर घेतो.

१६६० : पन्हाळ्यावरून सुटका

आधी तारखेचा घोळ मिटवू. पावनखिंडीची लढाई १२ जुलैची नव्हे, १३ जुलैची. १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निघाले. रात्रभर चाल झाली आणि घोडखिंडीतली लढाई दुसऱ्या दिवशी झाली. त्यातही १२ जुलै ही तारीख त्या काळच्या जुन्या इंग्रजी कालगणनेची आहे. आज भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या पद्धतीनं मोजलं तर ती रात्र २२ जुलैची येते. तिथी मात्र पक्की, आषाढ पौर्णिमा. ज्यांना तिथीनं स्मरण करायचंय त्यांनी गुरुपौर्णिमेची रात्र धरावी. चंद्र पुरा होता, पण आषाढातल्या ढगांत तो किती दिसला असेल ते पावसाळ्यात पन्हाळ्याला जाऊन आलेल्यांना सांगायला नको.

अफजलखानाचा वध झाला १० नोव्हेंबर १६५९ ला. त्यानंतर अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. विजापूरकरांनी मग सिद्दी जौहरला मोठी फौज देऊन धाडलं. मार्च १६६० पासून गडाला वेढा पडला. पावसाळा लागला की वेढे ढिले पडतात हा नेहमीचा अनुभव, पण जौहर हटला नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही हेन्री रेव्हिंग्टनच्या पुढाकारानं त्याच्या मदतीला आले आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर तोफा डागल्या. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापुरावर जाऊन त्याचा हिशोब चुकता केला, इंग्रजांना कैदेत टाकलं, ते वेगळं. बाहेरून नेताजी पालकरांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. चार महिने झाले. गडावरचं धान्य काही आकाशातून पडत नाही.

तेव्हा शरणागतीची बोलणी लावली गेली. वेढ्यातले लोक थोडे निर्धास्त झाले आणि त्याच रात्री महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी गडाबाहेर पडले. पालख्या दोन होत्या. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद होता. पन्हाळ्याच्या पायथ्याला नेबापूर म्हणून गाव आहे, तिथला. नाभिक समाजातला, चेहऱ्यामोहऱ्यानं महाराजांसारखा दिसणारा. ती पालखी ठरल्याप्रमाणं पकडली गेली. शत्रूला वाटलं शिवाजी सापडला. खरं कळेपर्यंत जो वेळ गेला तेवढा वेळ खऱ्या पालखीला मिळाला. शिवा काशीद मारला गेला. आपण मारले जाणार हे पालखीत बसतानाच त्याला ठाऊक होतं. पन्हाळ्यावर त्याची समाधी आहे. सहलीला गेलेले लोक सज्जाकोठी बघतात, अंधारबाव बघतात, मक्याचं कणीस खातात आणि परततात. समाधीकडं फार थोडे वळतात.

पालखी उचलणाऱ्या भोयांचं तर नावही कुठं नाही. पन्हाळा ते विशाळगड हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचं. मसाई पठार, मग रान, ओढे, चिखल. मोकळ्या हातानं चालताना पाय घसरतो तिथं ही माणसं खांद्यावर दांडी घेऊन रात्रभर पळाली. आता दर जुलैमध्ये या वाटेनं पदभ्रमंती निघते. आमच्या गावातली चार पोरं एकदा जाऊन आली. दोन दिवसांची चाल, मध्ये मुक्काम, तरी पुढं आठवडाभर पायाला तेल चोळत होती.

पाठलागावर सिद्दी मसूद होता. घोडखिंडीपाशी बाजीप्रभू देशपांड्यांनी महाराजांना पुढं जायला लावलं आणि स्वतः निम्मे लोक घेऊन खिंड अडवली. बाजीप्रभू आपल्या भोर तालुक्यातल्या शिंद गावचे. हिरडस मावळच्या बांदल देशमुखांचे ते कारभारी, आणि खिंडीत लढलेले मावळे बहुतांशी बांदलांचे. म्हणजे कोल्हापूरच्या रानात त्या दिवशी पडलेली माणसं मुळातली आपल्या नीरा खोऱ्यातली. बाजींचे बंधू फुलाजीही तिथंच पडले. यादीत एकटे बाजीप्रभू येतात, हे बांदलांचे लोक येत नाहीत.

महाराजांसमोरची वाटही मोकळी नव्हती. विशाळगडाच्या पायथ्याला सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी वेढा घालून बसले होते. ते मोडून गडावर जायचं होतं. गडावर पोचल्याची तोफ ऐकल्यावरच बाजींनी प्राण सोडला असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती तेव्हापासून. पन्हाळा मात्र पुढं दोनच महिन्यांत तहात सोडून द्यावा लागला. तो परत आला १६७३ च्या मार्चमध्ये, कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसं घेऊन घेतला तेव्हा.

त्याच दिवशी चाकणमध्ये

हे यादीत कधीच नसतं. महाराज पन्हाळ्यावर अडकले होते तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय चाललं होतं? शाहिस्तेखान मे १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला होता. जूनच्या २१ तारखेच्या सुमारास त्यानं चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा डोंगरी किल्ला नव्हे, सपाटीवरचा भुईकोट. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि जेमतेम तीनशे-साडेतीनशे माणसं. बाहेर मोगलांची अफाट फौज.

म्हणजे १२ जुलैला पन्हाळ्यावरून पालखी निघाली त्या रात्री चाकणचा वेढा तीन आठवड्यांचा झाला होता. फिरंगोजींना कुठून कुमक येणं शक्य नव्हतं, राजाच स्वतः वेढ्यात. तरी त्यांनी किल्ला लढवला, तो थेट ऑगस्टच्या मध्यापर्यंत, सुमारे पंचावन्न दिवस. शेवटी भुयार खणून सुरुंगानं बुरूज उडवला तेव्हा किल्ला पडला. एवढा छोटा भुईकोट घ्यायला ऐन पावसाळ्यातले दोन महिने गेले, तर सह्याद्रीतला एकेक डोंगरी किल्ला घ्यायला किती वर्षं लागतील, हा हिशोब खानानं नक्की केला असणार.

आज चाकणला जाणारे बहुतेक जण कंपनीच्या बसमधून उतरतात, नाहीतर कांदा घेऊन मार्केटला जातात. संग्रामदुर्गाची उरलेली तटबंदी गावातच आहे. कांद्याची गाडी लागेपर्यंत वेळ असेल तर बघून यावी.

१९६१ : पानशेत

आता दुसरी नोंद. हिच्याबद्दल मी जास्त लिहिणार, कारण आमचं शेत ज्या कालव्यावर आहे त्याचं पाणी याच धरणाचं.

१२ जुलै १९६१, बुधवार. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री. पुण्याच्या नैर्ऋत्येला आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधणं चालू होतं. काम १९५७ मध्ये सुरू झालेलं. पूर्ण झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. आणि पाऊस असा लागला की पाण्याची पातळी कामाच्या पुढं पळाली.

धरण फुटलं ते पाणी वरून गेल्यामुळं एवढंच बहुतेकांना वाटतं. खरा घोटाळा पोटात होता. मातीच्या धरणाच्या तळातून पाणी सोडायला बांधीव मोरी असते. त्या मोरीचे दरवाजे अजून पुरते बसले नव्हते. ते अर्धवट उघड्या अवस्थेत होते आणि त्यातून पाणी प्रचंड जोरानं, धक्के देत बाहेर पडत होतं. त्यात मोरीचं बांधकाम सळईच्या काँक्रीटचं हवं होतं, ते नुसत्या बिनसळईच्या ठोकळ्यांचं केलेलं. लोखंडाची टंचाई होती असं कारण पुढं सांगितलं गेलं. धक्क्यांनी मोरी हलली, तिच्या भोवतालची माती सरकायला लागली आणि वरचा बांध खचत खाली आला. मग पाणी वरून गेलं. ज्यांनी शेततळं केलंय त्यांना हे लगेच समजेल. बांधातून पाइप काढला आणि त्याच्या कडेची माती नीट दाबली नाही, तर पाणी पाइपातून कमी आणि कडेनं जास्त जातं. एकदा कडेनं धार लागली की फावड्यानं काही होत नाही.

बांध खचतोय हे दिसल्यावर लष्कराचे जवान बोलावले गेले. ११ जुलैची सगळी रात्र, भर पावसात, त्यांनी खचणाऱ्या भागावर वाळूची पोती रचली. एक थर रचायचा, तो खाली जायचा, पुन्हा रचायचा. पायाखालचं धरण कुठल्याही क्षणी जाईल हे कळत असताना. धरण वाचलं नाही, पण रात्रीचं मरण सकाळवर गेलं. सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटलं. हेच पाणी मध्यरात्री निघालं असतं तर पेठांमधली माणसं अंथरुणातच गेली असती. त्या जवानांची नावं तुम्हाला कुठल्या यादीत मिळणार नाहीत.

पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात आलं. खडकवासला हे १८७० च्या दशकातलं जुनं दगडी धरण. एवढा लोंढा पेलायची त्याची ताकदच नव्हती. पाणी भिंतीवरून वाहू लागलं आणि दुपारच्या आत तेही फुटलं. मग पुणं. डेक्कन, एरंडवणे, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार अशा नदीकाठच्या भागांत पाणी घरांच्या माळ्यापर्यंत चढलं. ओंकारेश्वर बुडालं. पूल पाण्याखाली गेले आणि शहराचे दोन तुकडे झाले. शहराला नीट इशारा मिळालेला नव्हता. जे पळाले ते एकमेकांचा आरडाओरडा ऐकून पळाले. पर्वतीवर, शाळांच्या गच्च्यांवर, जिथं उंच दिसेल तिथं. पूर ओसरला तेव्हा एवढं पाणी पाहिलेल्या शहरात प्यायला पाणी नव्हतं, कारण ते येत होतं खडकवासल्यातूनच. गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्या पूरग्रस्तांतून उभ्या राहिल्या. जुने पुणेकर अजून 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' असं वर्ष मोजतात.

चौकशीला आधी न्यायमूर्ती बावडेकर नेमले गेले. चौकशी चालू असतानाच त्यांनी आत्महत्या केली. नंतर न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगानं काम पुरं केलं.

इथपर्यंतची गोष्ट पुण्याच्या पुस्तकांत, पेपरांत आहे. पण पाणी संगमावर थांबलं नव्हतं. तिथून मुळा-मुठा हवेलीतून जाते, मांजरी, थेऊर करत दौंड तालुक्यात येते आणि रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. त्या काठावरच्या गावांचं काय झालं हे कुणी लिहायला आलं नाही. माझ्या बहिणीचं सासर या नदीकाठच्या एका गावात. तिच्या सासऱ्यांना आम्ही तात्या म्हणतो. १९६१ ला ते बारा वर्षांचे होते. मागच्या वर्षी दिवाळीला गेलो तेव्हा विचारलं, "तात्या, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का धरण फुटल्याचं?"

म्हणाले, "कोण सांगणार, पाव्हणं? नदीनंच सांगितलं."

त्यांनी जे सांगितलं ते असं. नदीला पूर होताच, पण दुपारनंतर पाण्याचा वास बदलला आणि रंगही. मळईतली बाजरी, ऊस दिसेनासा झाला. मग सामान यायला लागलं. लाकडी कपाटं, पाळणा, देव्हारा, दुकानांच्या पाट्या, मेलेली जनावरं. त्यांच्या वडिलांनी बैल सोडून दिले आणि पोरांना घेऊन माळावर गेले. रात्रभर माळावर बसून राहिले, खाली अंधारात नुसता आवाज. बैल दोन दिवसांनी सापडले, मोट मात्र गेली ती गेलीच. पुढं कित्येक दिवस काठावरच्या बाभळींना शहरातल्या लुगड्यांच्या चिंध्या लटकत होत्या. गावातल्या एकानं वाहून आलेलं पितळी घंगाळ घरी आणलं, तर त्याच्या आईनं ते परत नदीला देऊन टाकायला लावलं. कुणाच्या न्हाणीतलं असेल, त्या घरातलं कोण राहिलं असेल का, म्हणून.

शहरात पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा काही इमारतींवर आहेत. आमच्या भागात अशी एक खूण मला आजवर दिसलेली नाही.

दुसरं टोक धरणाच्या वरच्या अंगाला. पानशेत बांधलं गेलं ती जमीन कुणाची तरी भातखाचरं होती. ते मावळे मावळातून उठले. त्यातल्या काही कुटुंबांना खाली दौंडच्या बाजूला जमिनी मिळाल्या. भात लावणाऱ्या माणसानं कोरड्या माळावर येऊन ज्वारी पेरायची, म्हणजे शेती पहिल्यापासून शिकण्यासारखंच झालं. पुण्याची हानी झाली ती एका दिवसात आणि सगळ्यांनी पाहिली. यांचं गेलं ते हळूहळू, आणि बघायला कुणी नव्हतं.

खडकवासला पुन्हा उभं राहिलं. पानशेतही पुन्हा बांधलं, त्याचं नाव तानाजीसागर. नंतर वरसगाव आणि टेमघर झालं. आज या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. त्यात पानशेतचा वाटा १०.६५ टीएमसी. खडकवासल्यातून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापूरपर्यंत येतो, लांबी दोनशे किलोमीटरच्या घरात. त्याच पाण्यावर पुणे शहर पितं आणि त्याच पाण्यावर आपला ऊस, चारा, गहू. शहर वाढलं तशी ओढाताण वाढली. उन्हाळी आवर्तन कधी सुटणार आणि टेलला किती दिवस पोचणार यावर दरवर्षी कालवा समितीची बैठक, दरवर्षी निवेदनं, दरवर्षी बातमी. मी स्वतः ही बातमी इतक्या वेळा लिहिलीय की मागच्या वर्षीचीच तारीख बदलून टाकली तरी चालेल. टाकत नाही, पण चालेल. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन चारीवर दारं धरायला बसलं की पानशेत ही आपल्यासाठी इतिहासातली तारीख राहत नाही.

१९८२ : नाबार्ड

राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँक, म्हणजे नाबार्ड, १२ जुलै १९८२ ला सुरू झाली. शेतीच्या कर्जाची सगळी व्यवस्था तपासायला १९७९ मध्ये बी. शिवरामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिची ही शिफारस. तोवर हे काम रिझर्व्ह बँकेचा शेतीकर्ज विभाग आणि कृषी पुनर्वित्त विकास महामंडळ बघत होतं. सुरुवातीचं भांडवल शंभर कोटी, मुख्यालय मुंबई.

गावात एक गैरसमज पक्का आहे की नाबार्ड शेतकऱ्याला कर्ज देते. थेट देत नाही. नाबार्ड राज्य सहकारी बँकेला पैसा देते, ती जिल्हा बँकेला, जिल्हा बँक गावच्या विकास सोसायटीला आणि सोसायटी सभासदाला. विहिरीतून पाणी टाकीत, टाकीतून पाइपलाइनला, तिथून ठिबकच्या नळीला आणि मग मुळाला, तसंच हे. वरच्या टाकीत पाणी आहे म्हणून आपल्या ओळीला ते येईलच असं नाही, मध्ये कुठं व्हॉल्व्ह बंद असेल तर बंद. म्हणून पीककर्ज मिळालं नाही तर नाबार्डच्या नावानं बोटं मोडण्याआधी कुठं अडलंय ते विचारा. सोसायटीची थकबाकी जास्त असेल तर चांगल्या सभासदालाही त्याचा फटका बसतो.

दोन गोष्टी नाबार्डच्या खात्यात जमा धरल्या पाहिजेत. १९९२ पासून बचत गटांना बँकेशी जोडायचं काम सुरू झालं. आज गावात ज्या बायका गटाच्या मीटिंगला वही घेऊन जातात आणि बँकेच्या साहेबांशी खुर्चीवर बसून बोलतात, त्याची सुरुवात तिथली. आणि १९९८ ला किसान क्रेडिट कार्ड आलं, त्याचा नमुना नाबार्डनं तयार केला. दरवर्षी नव्यानं कागद करायचा ताप त्यानं बराच कमी केला.

बाकी मुदतीचं दुखणं आहे तिथंच आहे. वेळेत भरलं तर व्याजात सवलत, एक दिवस उशीर झाला तर गेली. एका वर्षी माझं उसाचं बिल कारखान्याकडून आलं नाही, मुदत दहा दिवसांनी हुकली आणि सवलत गेली. ज्यांच्याकडं हातउसने मिळतात ते मुदतीच्या आदल्या दिवशी भरतात, दोन-चार दिवसांनी नवं कर्ज उचलतात, उसने परत करतात. याला आपण नवं-जुनं म्हणतो. कागदावर कर्ज फिटलेलं दिसतं, बोजा तिथंच असतो. हातउसन्याला शेकडा दोन-तीन घेणारा मात्र प्रत्येक गावात असतो आणि त्याला स्थापना दिवस नसतो.

बाकीच्या नोंदी

कर्जाचाच विषय निघाला म्हणून आधी सिनेमावाले. दिग्दर्शक बिमल रॉय यांचा जन्म १२ जुलै १९०९ चा, ढाक्याकडचा. त्यांचा १९५३ चा 'दो बिघा जमीन' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी मोबाईलवर शोधून बघा. शंभू नावाच्या शेतकऱ्याची दोन बिघे जमीन जमीनदाराला कारखान्यासाठी हवी असते. शंभूच्या हिशोबानं देणं पासष्ट रुपये, कोर्टात ते निघतं दोनशे पस्तीस. मुदत तीन महिने. तो कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. काम बलराज साहनींचं. शेवटी परत येतो तेव्हा जमिनीवर कारखान्याचं काम चाललेलं असतं. कुंपणाजवळची मूठभर माती तो उचलतो, तर पहारेकरी तीही टाकून द्यायला लावतो. आमच्या भागात एमआयडीसीची मोजणी आली होती त्या वर्षी मी हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला.

राजेंद्र कुमार १२ जुलै १९९९ ला गेले. 'मदर इंडिया'तला थोरला मुलगा रामू म्हणजे हेच. प्राण गेले ते १२ जुलै २०१३ ला. खलनायक म्हणून गाजले, पण गावाकडच्या लोकांना ते 'उपकार'मधल्या मलंग चाचामुळं जास्त आठवतात. पैलवान दारासिंग गेले १२ जुलै २०१२ ला. तालमीत अजून त्यांचा फोटो असतो, टीव्हीवर रामायण पाहिलेल्यांना ते हनुमान म्हणून माहीत.

क्रिकेटपटू संजय मांजरेकर यांचा आज वाढदिवस, जन्म १९६५ चा. मुलींच्या शिक्षणासाठी गोळी खाल्लेली पाकिस्तानची मलाला युसूफझाई हिचाही, जन्म १९९७. पॅसिफिक महासागरातला किरिबाटी हा चिमुकला देश १२ जुलै १९७९ ला स्वतंत्र झाला. समुद्राची पातळी वाढतेय म्हणून तिथल्या बेटांना धोका आहे, तेव्हा त्यांचाही विषय शेवटी पाण्याचाच.

पावनखिंडीची पोस्ट तयार करून ठेवली असेल तर ती उद्या टाका, १३ तारखेला. आणि तिच्यात शिवा काशीद आणि बांदलांच्या मावळ्यांची एक ओळ वाढवा. मुळा-मुठेच्या काठच्या कुणाकडं १९६१ च्या पुराच्या आठवणी असतील, घरात कुणी वडीलधारं तेव्हाचं असेल, तर कळवा. येऊन लिहून घेतो. तात्यांच्या वयाची माणसं आता फार राहिली नाहीत.